पिवळ्याच्या अकरा पट्ट्या

माझी वहिनी रंगाच्या कारखान्यात रंग जुळवते. हे सांगितलं की लोकांना वाटतं ती भिंती रंगवते. तसं नाही. कुणी जुन्या दाराचा टवका घेऊन येतं, कुणी पडद्याचा तुकडा. एकदा एक म्हातारे गृहस्थ मेलेल्या पोपटाचं पीस घेऊन आले होते. सगळ्यांचं म्हणणं एकच, अगदी असाच रंग हवा. वहिनी तो नमुना खिडकीपाशी नेते, दोनतीन सेकंद बघते, डोळ्यात राहिलेला रंग जावा म्हणून मान वळवून राखाडी भिंतीकडे बघते, पुन्हा नमुन्याकडे बघते, आणि मग कशात काय किती घालायचं ते सांगते. त्यांच्याकडे यंत्रही आहे. पण यंत्राचं आणि वहिनीचं जुळलं नाही, तर साहेब यंत्र तपासायला माणूस बोलावतात.

लग्न होऊन आली त्याच्या दुसऱ्याच दिवशी तिनं आईला सांगितलं होतं की बाहेरच्या खोलीतले दोन पडदे एका ताग्यातले नाहीत. आई ते पडदे नऊ वर्षं एकत्र धूत होती. "डोळे आहेत की सुया," आई मला बाजूला घेऊन म्हणाली. मलाही वाटलं, ही जरा जास्तच शहाणी दिसते. आमच्या घरात जास्तीच्या शहाणपणाला जागा नव्हती. होती तेवढी आईनंच व्यापलेली होती.

माझं घर माहेराहून दोन गल्ल्या पलीकडे. मी एका शाळेच्या कचेरीत टायपिंग करते, आणि शाळा सुटली की माहेरी डोकावून मगच घरी जाते. त्यामुळे पुढचं बरंचसं मी डोळ्यांनी बघितलेलं आहे, आणि त्यातला एक मूर्खपणा तर माझ्याच हातचा आहे.

त्या वर्षी दादा मालवाहू बोटीवर होता, इंजिनाच्या खात्यात, आणि परतायला अजून दोन महिने होते. घरात आई, बाबा आणि वहिनी. एका सुट्टीच्या सकाळी मी तिकडे होते, बाबा खिडकीपाशी पेपर घेऊन बसले होते. वहिनीनं चहा आणून दिला आणि कप त्यांच्या हातात जाऊनही ती तिथेच उभी राहिली.

"बाबा, जरा वर बघा."

"वर काय आहे?"

"काही नाही. नुसतं छताकडे बघा."

बाबांनी वर बघितलं. वहिनीनं बोटानं त्यांच्या डोळ्याची खालची पापणी ओढली, मान वळवली, पुन्हा बघितलं.

"डोळे पिवळे झालेत," ती म्हणाली.

आई स्वयंपाकघरातून हात पुसत आली. मीही गेले. मला तर डोळ्यासारखे डोळे दिसत होते. आई म्हणाली, "कावीळ झालेल्याला जग पिवळं दिसतं म्हणतात. आमच्याकडे ज्यांना काही झालेलं नाही त्यांनाच दिसायला लागलं." बाबा हसले. वहिनी हसली नाही. ती म्हणाली, "आतल्या खोलीतला दिवा पिवळट आहे. त्या उजेडात पिवळं कधीच दिसत नाही. चार दिवस तरी झाले असतील. लघवीचा रंग कसा आहे?"

सासऱ्याला सुनेनं असं विचारावं, हे बाबांना झेपेना. ते पेपरात बघत पुटपुटले, "काळ्या चहासारखा." आणि मग सगळ्यांचेच चेहरे उतरले.

कोपऱ्यावरचे डॉक्टर संध्याकाळी घरी येऊन गेले. त्यांनी पोट दाबून बघितलं, जीभ बघितली, आणि सांगितलं की रक्त तपासा, पोटाची सोनोग्राफी करा, त्यासाठी मोठ्या हॉस्पिटलात जावं लागेल, उद्याच जा. बाबांनी सगळं शांतपणे ऐकलं. डॉक्टर जिना उतरून गेले तेव्हा ते म्हणाले, "मी नाही जाणार."

आता बाबांचं हॉस्पिटलशी काय वाकडं होतं, ते सांगायला हवं. बाबा चौतीस वर्षं त्याच हॉस्पिटलात लिफ्टवर होते. लिफ्टच्या कोपऱ्यात स्टुलावर बसायचं, लोखंडी जाळी ओढायची, मजला विचारायचा. लोकांना वरखाली करण्यात आमचं घर चाललं. ते गमतीनं म्हणायचे, "सगळ्यात जास्त प्रवास मी केला, आणि इमारतीच्या बाहेर कधी गेलो नाही." पण त्या स्टुलावरून त्यांनी जे बघितलं होतं ते त्यांच्या मनात घर करून बसलं होतं. सकाळी बोलत बोलत वर गेलेला माणूस दुपारी चादरीखालून खाली यायचा, आणि शेजारी उभ्या असलेल्या त्याच्या बायकोला बाबाच विचारायचे, कुठला मजला? त्यांचा स्वतःचा मोठा भाऊही असाच खाली आला. निवृत्त झाले त्या दिवशी त्यांनी सांगून टाकलं होतं, "मी काय वाटेल ते करीन, पण आता त्या दारात पाऊल ठेवणार नाही." तेव्हा आम्ही टाळ्या वाजवल्या होत्या.

बाबा नाही म्हणाले आणि आईनं फडताळातून आपला डबा काढला.

त्या पत्र्याच्या डब्यात आईच्या सासूपासूनचा ऐवज आहे. मुळ्या, साली, बिया, वाळलेली पानं, आणि कुठल्या पुडीत काय आहे हे फक्त आईला ठाऊक. लहानपणी मला कावीळ झाली होती. तेव्हा आईनं मला रोज मुळ्याच्या पानांचा रस पाजला, आणि तीन आठवड्यांत मी खडखडीत बरी झाले. त्यामुळे आईचा विश्वास हवेतला नव्हता. पुरावा म्हणून मीच घरात हिंडत होते.

"उद्यापासून रस," आई म्हणाली. "आणि सोबत ही मुळी उगाळून. पंधरा दिवसांत डोळे पांढरेशुभ्र."

मला वाटलं, आता वहिनी भांडणार. ती भांडली नाही. टेबलाशी बसली आणि म्हणाली, "आई, चालेल. पण आपण नीट ठरवून करू. एका वेळी एकच औषध. दोन एकदम दिली तर गुण कशाचा आणि त्रास कशाचा, कळणार नाही. जे पोटात जाईल ते मी वहीत लिहिणार आणि डॉक्टरांना दाखवणार. आणि रोज सकाळी साडेसातला, कामावर जायच्या आधी, बाबा खिडकीपाशी बसतील आणि मी रंग बघेन."

"बघ की. रंग बघायला कोण नको म्हणतंय?"

"रंग उतरला तर तुमचं औषध खरं. मी सगळ्या कारखान्यात सांगेन. पण चढत राहिला तर हॉस्पिटल. बाबा, तुम्हालाही कबूल?"

बाबा म्हणाले, "चढायचा नाही."

"कबूल का, ते सांगा."

"बरं बाई, कबूल."

दुसऱ्या दिवशी तिनं कारखान्यातून पांढऱ्या जाड कागदाच्या, अंगठ्याएवढ्या रुंद पट्ट्या आणल्या आणि रंगाच्या पाचसहा लहान बाटल्या. साडेसातला बाबांचा डोळा बघायचा, रंग कालवून पट्टीवर लावायचा, पट्टी डोळ्याशेजारी धरायची, जुळली नाही तर पुन्हा. जुळली की मागे तारीख लिहायची. बाबा तेवढा वेळ छताकडे बघत बसायचे आणि म्हणायचे, "रंगवून भाड्यानं द्यायचंय का मला, की विकायचंय?" पहिली पट्टी जुन्या पुस्तकाच्या पानासारखी होती, फिकट. दुसरी तशीच. तिसरी थोडी चढलेली, पण मला आणि आईला दोन्ही सारख्याच वाटल्या. आई म्हणाली, "काहीतरी असतं तुझं."

मुळीचं मात्र भांडण झालं. वहिनीनं ती कागदात गुंडाळून डॉक्टरांकडे नेली. ते म्हणाले, ही कसली मुळी मला माहीत नाही, आणि माहीत नसलेली मुळी थकलेल्या यकृताला अजिबात नको. पाल्याचा रस द्या, पण धुऊन, गाळून, ताजा. आणि खाज सुटली, पोटात कळ आली किंवा थंडी वाजून ताप आला, तर एक तासही घरी थांबू नका. वहिनीनं ते जसंच्या तसं आईला सांगितलं.

"माझ्या सासूबाईंनी दिलेली मुळी आहे ती," आई म्हणाली. "त्या काय विष ठेवून गेल्या?"

"विष नाही म्हणत मी. काय आहे ते कुणालाच माहीत नाही, एवढंच म्हणते. तुम्हाला तरी माहीत आहे का?"

आईला माहीत नव्हतं. ती त्या दिवशी वहिनीशी अवाक्षर बोलली नाही. भांडी मात्र बरीच बोलली. पण मुळी पुन्हा डब्यात गेली, आणि तिनं लपूनछपून काही दिलं नाही. आईचं हे आहे, भांडेल, फुगेल, पण शब्द दिला की दिला.

पाचव्या पट्टीपर्यंत माझ्याही डोळ्यांना दिसायला लागलं. पट्ट्या खिडकीच्या चौकटीला ओळीनं टाचलेल्या होत्या, आणि पहिली आणि पाचवी शेजारी धरली की शंका उरत नव्हती. बाबांचं जेवण तुटलं. चार घास खाऊन ताट सरकवायचे. वहिनी रोज संध्याकाळी तोच विषय काढायची आणि बाबा रोज तेच उत्तर द्यायचे. "हिला लहानपणी झाली होती तेव्हाही आधी चढलीच होती," आई माझ्याकडे बोट दाखवून म्हणायची, पण आवाजात पहिल्यासारखा जोर नव्हता.

आणि इथे मी माझं डोकं चालवलं.

आमच्या शाळेत चित्रकलेच्या बाई आहेत. त्यांनी सांगितलं, एक माणूस आहे, हातावरून कावीळ धुऊन काढतो. डोळ्यांसमोर पिवळं पाणी उतरतं. त्यांच्या मावसबहिणीची त्यानंच काढली. पाणी पोटात जात नाही, मुळी नाही, रस नाही. म्हटलं, मग वहिनीच्या वहीला काय हरकत? मी त्याला सातव्या दिवशी, शनिवारी दुपारी घरी घेऊन आले. वहिनीची त्या दिवशी अर्धी पाळी असते हे मी विसरले होते, असं मी तेव्हा स्वतःला सांगितलं. खरं म्हणजे ती यायच्या आत उरकावं असाच माझा बेत होता.

माणूस साधा होता, हळू बोलणारा, शर्टाची बटणं गळ्यापर्यंत लावलेली. त्यानं पिशवीतून एक डबी आणि पाण्याची बाटली काढली. आईकडून पांढरं परातीएवढं तसराळं मागून घेतलं. डबीतली तपकिरी पूड बाबांच्या दोन्ही हातांना कोपरापर्यंत चोळली आणि वरून बाटलीतलं स्वच्छ पाणी हळूहळू सोडलं. हातांवरून ओघळून तसराळ्यात पडलेलं पाणी पिवळंधमक झालं.

आईनं पदर डोळ्यांना लावला. बाबा तसराळ्यात टक लावून बघत होते. "एवढं होतं माझ्या अंगात?" ते म्हणाले, आणि त्यांच्या चेहऱ्यावर आठ दिवसांत पहिल्यांदा हसू आलं. मला तर वाटलं, मीच त्यांना वाचवलं.

"अजून दोन वेळा करावं लागेल," तो माणूस म्हणाला.

"माझ्या हातांवर करा एकदा," दारातून आवाज आला. वहिनी उभी होती, खांद्यावर पिशवी तशीच.

तो माणूस म्हणाला, "निरोगी माणसावर करायचं नसतं."

"का?"

"त्रास होतो."

"होऊ दे." तिनं पिशवी खाली ठेवली, डबीतली चिमूटभर पूड घेतली, दोन्ही तळव्यांना चोळली, आणि तसराळ्याशेजारी बसून मला म्हणाली, "वन्सं, घाल पाणी."

मी त्या माणसाकडे बघितलं. तो बाटलीकडे हात नेत होता, पण आईनं बाटली आधीच उचलली होती. आईनंच पाणी घातलं. वहिनीच्या तळव्यांवरून पिवळं पाणी पडलं, बाबांच्या हातांवरून पडलं त्याच्याहून गडद.

वहिनीचा आवाज चढला नाही. ती म्हणाली, "ही कसल्यातरी सालीची पूड आहे, आणि बाटलीत नुसतं पाणी नाही, चुन्याची निवळी आहे. दोन्ही एकत्र आली की पिवळं होतं. कुणाचेही हात धुतले तरी. आमच्या प्रयोगशाळेत शिकाऊ मुलींना पहिल्या आठवड्यात असले प्रकार दाखवतात."

"श्रद्धा नसली की गुण येत नाही," तो माणूस म्हणाला, आणि डबी पिशवीत घालून निघून गेला. जाताना त्यानं आपल्या चपला इतक्या शांतपणे घातल्या की मला त्याचाच जास्त राग आला.

बाबांच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं होतं, आणि ते माझ्याच्यानं बघवेना. मी वहिनीवरच घसरले. "थोडं समाधान मिळत होतं त्यांना. तेही बघवलं नाही तुला?"

"समाधान मिळालं असतं तर पुढचे दोन आठवडे त्याची वाट बघत बसले असते," ती म्हणाली. "आपल्याकडे दोन आठवडे नाहीत."

आई ते तसराळं घेऊन मोरीत गेली आणि बराच वेळ घासत राहिली.

आठव्या दिवसापासून खाज सुटली. अंगावर पुरळ नाही, गांधी नाही, पण बाबा पाठ, पाय, तळवे ओरबाडत होते. लाकडी पट्टी घेऊन पाठीत घालायचे. रात्र तर जाऊ द्या, दिवसाही डोळ्याला डोळा लागेना. खाज म्हणजे काय, ते डॉक्टरांनी सांगून ठेवलं होतं. वहिनीनं तासाभरात टॅक्सी दाराशी आणून उभी केली. बाबा पलंगाची कड धरून बसले. "मला उचलून न्या, तर न्या," म्हणाले. टॅक्सी रिकामी गेली. डॉक्टर पुन्हा आले, रागावले, खाजेवर गोळी लिहून दिली आणि वहिनीला बाहेर नेऊन म्हणाले, "पित्ताची वाट अडलेली दिसते. यांना घेऊन जा, बाई."

गोळीनं थोडं कमी झालं, थोडंच. दुसऱ्या दिवशी आई उठली. ती डब्याकडे गेली नाही. तिनं कपड्यांना घालायची खळ शिजवली, पातळ, पाण्यासारखी. ती गार केली. बाबांची नखं मुळापासून कापली. जुनी सुती चादर धुऊन मऊ केली, त्यांच्या सगळ्या अंगाला खळ हलक्या हातानं थापली, वाळू दिली, आणि खिडकी उघडी ठेवून वरून नुसती चादर टाकली. "तुमच्या आईनं तुम्हाला गोवराच्या वेळी असंच केलं होतं," ती त्यांना म्हणाली. बाबा दुपारभर झोपले. वहिनीनं कामावरून आल्यावर वही उघडली आणि लिहिलं, खळ, अंगाला, दिवसातून दोनदा, उपयोग होतो. आईनं तिच्या खांद्यावरून ते वाचलं आणि चहा टाकायला गेली.

दहावी पट्टी बघून वहिनी थबकली. त्या सकाळी मी तिथे होते. तिनं पट्टी पुसून पुन्हा रंग कालवला. पिवळ्यात अगदी सुईच्या टोकाएवढा काळा घातला.

"काळा कशाला?" मी विचारलं.

"पिवळ्यात काळा पडला की हिरव्याकडे जातो. बघ." ती म्हणाली. "हा आता नुसता पिवळा नाही राहिला."

अकराव्या दिवशी तिनं कामावर रजा सांगितली. कारखान्यात आठ वर्षांत तिनं अशी रजा घेतली नव्हती. पट्टी लावून झाली आणि तिनं चौकटीवरच्या सगळ्या काढून बाबांच्या पांघरुणावर ओळीनं मांडल्या. डावीकडे जुन्या कागदासारखी फिकट पहिली, उजवीकडे शेवाळी पडलेली अकरावी. मला शाळेतून बोलावून घेतलं होतं.

"बाबा, तुम्ही कबूल केलं होतं."

बाबांनी पट्ट्यांकडे बघितलं. मग भिंतीकडे तोंड केलं. "तुला माहीत नाही, सूनबाई. मी नेलेत लोक वर. मी बघितलेत ते खाली येताना."

"किती बघितलेत?"

"मोजले नाहीत. खूप."

"आणि बरे होऊन गेलेले?"

बाबा भिंतीवर बोटानं रेघ ओढत राहिले.

"ते तुम्हाला दिसलेच नाहीत, बाबा," वहिनी म्हणाली. "बरा झालेला माणूस लिफ्टची वाट बघत थांबतो का? त्याला कधी एकदा घरी जातो असं झालेलं असतं. तो जिन्यानं जातो. तुमच्या स्टुलावरून जिना दिसत होता का?"

बाबांनी मान वळवली. ते विचार करत होते, खरोखरच, जुन्या जागेवर बसून जिना दिसतो का ते आठवत होते. आणि तेवढ्यात त्यांचे दात वाजायला लागले. भर दुपारी, खिडकीतून ऊन आलेलं, आणि सगळा पलंग हलावा अशी थंडी. वहिनीनं कपाळाला हात लावला आणि माझ्याकडे बघितलं.

मला वाटलं, आता पुन्हा सगळं समजवावं लागणार. पण आई पुढे झाली. तिनं बाबांचा सदरा खुंटीवरून काढला, त्यांना उठवून बसवलं आणि एकेक बाही चढवली.

"अगं, मी म्हटलंय ना…"

"चौतीस वर्षं तुमचं ऐकलं," आई म्हणाली. "चौतीस वर्षं लोकांना वर नेलंत, आता मुकाट्यानं स्वतः चला. पायात घाला."

बाबांनी चपला घातल्या. वहिनी आणि मी दोन बाजूंनी धरून त्यांना खाली आणलं. तळमजल्यावरच्या शिंप्यानं मशीन सोडून टॅक्सी थांबवली. आई मागून आली तेव्हा तिच्या काखेत वहिनीची वही होती आणि मुठीत अकरा पट्ट्या.

हॉस्पिटलात लिफ्ट आता बटणांची झाली होती. जाळी नव्हती, स्टूल नव्हतं. चाकाच्या खुर्चीत बसलेल्या बाबांनी कोपऱ्याकडे बघितलं, आणि मदतनिसानं मजल्याचं बटण दाबायच्या आत त्यांनीच हात लांब करून दाबलं. तापातही बटण बरोबर लागलं.

तपासणाऱ्या डॉक्टर तरुण होत्या, केस घट्ट बांधलेल्या, भराभर प्रश्न विचारणाऱ्या. कधीपासून? कसं वाढलं? मध्ये कमी झालं का? वहिनीनं उत्तर न देता पट्ट्या टेबलावर मांडल्या. त्या बाई एकदम थांबल्या. त्यांनी एकेक उचलून मागची तारीख वाचली.

"हे कुणी केलं?"

"मी. रंगाच्या कारखान्यात असते."

"एकही दिवस उतरलेला नाही," त्या म्हणाल्या. "नेहमीची कावीळ चढते आणि ओसरते. ही अडलेली आहे." मग त्यांनी वही मागितली. आईचे खांदे वर गेले. अडाणीपणाबद्दल आता बोलणी खायची, अशी तिनं तयारी केलेली दिसत होती. डॉक्टरबाईंनी सगळी पानं वाचली. उशीर केलात, हे त्यांनी सांगितलंच, आणि आवाज गोड नव्हता. मग म्हणाल्या, मुळी दिली नाहीत हे फार चांगलं केलंत, रसानं नुकसान नाही. पुढे बोट ठेवून विचारलं, "ही खळ कुणाची कल्पना?"

"माझी," आई म्हणाली.

"खाज लगेच जात नाही. रुग्ण घरी आला की चालू ठेवा."

पित्ताच्या नळीत खडा अडकला होता. त्यामागे पित्त साठून आत जंतू वाढायला लागले होते, म्हणून थंडी आणि ताप. रात्रभर सलाइनमधून औषधं दिली, आणि सकाळी तोंडातून दुर्बीण घालून खडा काढला. डॉक्टरबाई बाहेर येऊन म्हणाल्या, अजून दोन दिवस गेले असते तर रक्तात विष पसरलं असतं, मग मला काही सांगता आलं नसतं. हे ऐकून मी बाकावर बसले. आई उभीच होती. ती वहिनीला म्हणाली, "तू काल सकाळपासून काही खाल्लेलं नाहीस," आणि तिला हाताला धरून खालच्या उपाहारगृहात घेऊन गेली. तिथे त्या दोघी काय बोलल्या ते मला आजही माहीत नाही. दोघींनाही विचारून झालं, दोघीही म्हणतात, काही नाही, पाव खाल्ला.

बाबा सहाव्या दिवशी घरी आले. आम्ही म्हटलं लिफ्टनं उतरू, तर ते जिन्याकडे वळले. तीन मजले, प्रत्येक वळणावर टेकत, पाऊण तास लागला. पिवळा रंग पूर्ण जायला महिना गेला. दादा बोटीवरून आला तोवर बाबा भाजी आणायला जात होते, त्यामुळे दादाला आम्ही सांगितलेलं निम्मं अतिशयोक्ती वाटलं. पुढे पित्ताशय काढायची शस्त्रक्रिया झाली, ठरलेल्या तारखेला, आणि त्या वेळी कुणाला आर्जवं करावी लागली नाहीत.

आईचा डबा अजून फडताळात आहे. शेजारच्या बायका अजून येतात. पण आई आता झाकण उघडायच्या आधी विचारते, डॉक्टरला दाखवलंस का, काय म्हणाले, काय गोळ्या चालू आहेत. समोरची कुरकुरली की आई तिला तशीच परत पाठवते. कुठल्या पुडीत काय आहे, हे तिनं आणि वहिनीनं एका रविवारी बसून लिहून काढलं. ज्या पुड्यांचं नाव आईला सांगता आलं नाही त्या सगळ्या फेकून दिल्या. त्यात ती मुळीही होती. फेकताना आईनं ती एकदा हुंगली, एवढंच.

मी वहिनीची माफी मागितली, तीही बऱ्याच उशिरा. ती कारखान्यातून येत होती, मी जिन्यात गाठलं. म्हटलं, तो माणूस मी आणला होता, आणि वर तुलाच बोलले.

"तू आणला नसतास तर आईंनी त्या दिवशी पाणी घातलं नसतं," वहिनी म्हणाली. "स्वतःच्या हातानं घातलं ना, म्हणून त्यांना पटलं. मी नुसतं सांगून पटलं असतं होय?"

"तुला भीती नाही वाटली कधी?"

"रोज वाटायची. साडेसात वाजेपर्यंत. पण एकदा बघून झालं की दिवसभर तरी काय आहे ते माहीत असायचं." मग ती म्हणाली, "चल वर, उभी काय राहिलीस."

याला सहा वर्षं झाली. परवा तळमजल्यावरच्या शिंप्याच्या छातीत कळ आली. तो म्हणत होता, वात असेल, शेक घेतो. बाबांनी त्याचं काही ऐकून घेतलं नाही. टॅक्सी बोलावली, त्याला आत बसवलं, आणि दिवसभर त्या हॉस्पिटलच्या बाकावर बसून राहिले. संध्याकाळी घरी फोन आला. बाबा म्हणाले, त्याला ठेवून घेतलंय, पण बोलतोय चांगला, माझ्या जेवणासाठी थांबू नका.